वर कुठे

तहसीन मुलाणी धायरी फाट्यावर उतरली
आणि तिथूनच हरवली.
मी पत्ता पाठवला होता:
‘भेळेच्या गाडीसमोरून आत, मग फक्त सरळ.’
चाळीस मिनिटांनी आली. चपलांना ओलं सिमेंट,
काखेत प्रेसचा जुना लॅपटॉप,
एक बिजागरी नाडीने बांधलेली.
काही बोलली नाही. पाणी प्यायली.

नारायण पेठेतल्या त्या प्रेसमध्ये
वीस वर्षांचे दिवाळी अंक
अशा फॉन्टमध्ये पडून आहेत, की आज उघडले
तर ‘सूर्य’च्या जागी
एक कंस, दोन टिंबं आणि डॉलरचं चिन्ह.
त्याचं पुन्हा मराठी करणारा प्रोग्रॅम माझा.
नाव ‘रफार’. खुला, फुकट, कुणीही घ्यावा, बदलावा.
तीन रात्रींत लिहिला, हे मी सांगत असतो.
डॉक्युमेंटेशन एका दुपारी, पोहे खाता खाता,
हे सांगत नाही.

आज ठरलं होतं: ती वाचेल, तसं करेल,
मी तोंड उघडायचं नाही.
तळहात मांड्यांखाली दाबून बसलो.

पहिली पायरी झाली.
दुसरी झाली.
तिसरीत होतं: ‘आता फक्त हे चालवा.’
तिने चालवलं.
पडदाभर लाल ओळी.
तिने पुन्हा वाचलं, ओठ हलवत,
पुन्हा चालवलं,
बंद दाराची कडी आपण दुसऱ्यांदा वाजवतो तशी,
पहिल्यांदा हळू वाजली असेल म्हणून.

मला ठाऊक होतं काय राहिलंय.
माझ्या मशीनवर ते पाच वर्षांपूर्वीच बसवलेलं;
आहे, हेच विसरलो होतो.
न्हाणीघराच्या उंचवट्यासारखं:
आपला पाय आपोआप उचलला जातो,
पाहुणा ठेचकाळतो.

जीभ दातांखाली धरली.
शेजारी कुकरची दुसरी शिट्टी झाली.

“सर, इथे ‘वर सांगितल्याप्रमाणे’ लिहिलंय.
वर कुठे?”

मी वर पाहिलं.
वर काहीच नव्हतं.
मागच्या वर्षी, पाल्हाळ नको म्हणून,
मीच छाटला होता तो परिच्छेद.

“आणि हे ‘फक्त’,” ती म्हणाली,
“हे मला उद्देशून आहे का?”

मग शोधायला बसलो.
‘फक्त’ सतरा वेळा. ‘अर्थातच’ चार.
एका ठिकाणी चक्क ‘कुणालाही जमेल’.
एकेक काढताना
कुसळ काढल्यासारखं बारीक दुखत होतं.

रफार म्हणजे असा र,
जो तोंडात आधी येतो
आणि कागदावर मागाहून,
पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो.
नाव मीच ठेवलं होतं, मोठ्या हुशारीने,
आणि समजावून सांगायचं ते सगळं
असंच मागाहून, घाईत, वर कुठेतरी चिकटवलं होतं.

राहिलेली पायरी तिने लिहिली.
दोन आणि तीनच्या मध्ये. माझी तिसरी चौथी झाली.
खाली तिची एक ओळ:
‘लाल ओळी दिसल्या तर घाबरू नका.
बहुधा मधली पायरी सुटली आहे. मागे जा.’
‘घाबरू नका’ मी खोडणार होतो,
तांत्रिक मजकुरात शोभत नाही म्हणून.
कर्सर तिथे बराच वेळ लुकलुकला.
राहू दिलं.

सव्वासातला ‘सूर्य’ उमटला.
रफार जागेवर.
तिने स्क्रीनवर बोट ठेवून वाचला, सू-र्य,
आणि पुढचा शब्द बिघडलेला दाखवला.
“हा उद्या,” म्हणाली. “बस जाईल.”

बदल स्वीकारला तेव्हा साडेबारा वाजले होते.
तिचं नाव यादीत, माझ्या नावाखाली, दुसरं.
पाच वर्षांत दुसरं.

झोपण्याआधी मोबाईल काढला
आणि पत्ता नव्याने लिहिला:
‘भेळेची गाडी आता नाही, दोन वर्षं झाली.
निळ्या टाकीपाशी आत वळा.
पुढे गटाराचं काम चालू आहे, उजव्या कडेने चाला.
मग दोन रस्ते फुटतात. दोन्ही सरळच वाटतात.
डावा घ्या.’

एवढ्या रात्री कुणाला पाठवायचा नव्हता.
सेव्ह केला.